बंबाचं उघडं तोंड

थंडी पडली की तिसगावात पहाटे घराघरांतून धूर निघायचा, तो बंबाचा. मधी गिझर, सोलर आले. आता लाइटीच्या खेळामुळं बंब परत पेटायला लागलेत, पण काहीजण त्यात पऱ्हाटी-तुराट्यांऐवजी कोळसा घालतायत. म्हणून ही नोंद.

'बंब' शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला, म्हणजे पंप. त्यामुळं आग विझवणारी गाडी पण बंब आणि आग पोटात घेऊन बसणारं भांडं पण बंबच! पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे तांब्याचे बंब ठोकून घडवायचे. मधोमध विस्तवाची नळी, खाली जाळी, भोवती पाणी. रशियातला चहाचा सामोवार असाच असतो. पाणी ओतायचं तोंड वर उघडं असतं. उकळलं तरी वाफ तिथून निघून जाते.

1878 साली दौंड-मनमाड रेल्वे झाली आणि कोळशावरची इंजिनं नगरला आली. खेड्यातला बंब मात्र रानातल्या जळणावरच राहिला. लाकडाचा जाळ घालणं थांबवलं की थोड्या वेळात विझतो. दगडी कोळसा तसा नाही. अंघोळी उरकल्या तरी तो आत धगधगत राहतो. बंबात पाणी नसलं तर कल्हई 232 अंशालाच वितळते. म्हणून एक बादली काढली की एक बादली ओतायची, हा आज्जीचा नियम.

विलायतेत 1868 साली मॉनने गॅसवरचा गिझर काढला, त्याला धुराडंच नव्हतं. जळालेली हवा न्हाणीघरातच! आपले बंब परसात, ओट्यावर असायचे. आता आपण फरशीच्या बंद बाथरूममधी कोळसा पेटवतोय. निखाऱ्याला धूर दिसत नाही, पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. माणूस बसल्याजागी जातो.

1923 च्या बॉयलर कायद्यात 22.75 लिटरपेक्षा मोठं, दाबाखाली वाफ करणारं बंद भांडं म्हणजे बॉयलर, अशी व्याख्या होती. आपला बंब त्यात बसत नव्हता, कारण तो बंदच नव्हता. मी मात्र तीन वर्षांमागं बंद करून घेतला. एका कारागिराकडून पत्र्याचं बंद भांडं बनवलं, टाकीचा पाइप जोडला, गरम पाणी माघारी जाऊ नये म्हणून नॉनरिटर्न व्हॉल्व्हही बसवला. कोळसा भरला, तोटी बंद केली आणि धार काढायला गेलो. दणका ऐकून पळत आलो तर पाइप जोडातून उडालेला, भिंतीवर वाफेचा ओघळ. आई दोनच मिनिटं आधी तिथून उठली होती. पाण्याची वाफ झाली की जागा सोळाशेपट लागते, हे नंतर वाचलं. कारागिराला काय बोलू, व्हॉल्व्ह मीच मागितला होता.

आता व्हॉल्व्ह काढलाय. भांड्याच्या माथ्यावरून एक पाइप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन उघडा सोडलाय, त्याला कुठंही कॉक नाही. बंब बाहेर पत्र्याखाली, धुराडं छपराच्या वर. कोळसा थोडाथोडा घालायचा, पाणी बघूनच पेटवायचं. आणि कृषीवाल्या मित्रांनी विचारलं म्हणून सांगतो, लाकडाची राख उकिरड्यावर टाकतो, दगडी कोळशाची नाही. तिच्यात जड धातू असतात.