कारीची शकावली आणि मोबाइलचा कर्नल : मूळ साधन खुले करण्याच्या प्रथेचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर आणि वेल्हे हे दोन डोंगराळ तालुके इतिहासाच्या पुस्तकांत येतात ते तोरणा, राजगड, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्यामुळे. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये घेतला, त्यामागेही हाच वारसा आहे. या मुलखाने मराठी विद्याव्यवहाराला दिलेली आणखी एक देणगी मात्र क्वचितच सांगितली जाते. घरच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले मूळ साधन परक्या अभ्यासकाच्या हाती द्यायचे आणि त्यातून निघेल तो निष्कर्ष निघू द्यायचा, या प्रथेचा एक ठळक दाखला भोर तालुक्यातला आहे. मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या फोनमधील कर्नलचा सोर्स कोड केव्हा, किती आणि कोणत्या रूपात खुला करावा, हा गेल्या दीड दशकातील वाद वरकरणी तांत्रिक वाटला, तरी त्याच्या मुळाशी हीच प्रथा आहे, म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे सयुक्तिक ठरते.

रोहिडखोऱ्याचे देशमुख असलेल्या जेधे घराण्याचे कारी हे गाव आज भोर तालुक्यात आहे. कान्होजी जेध्यांमुळे शिवकाळात नावारूपाला आलेल्या या घराण्याजवळ शके 1540 ते 1619, म्हणजे इ. स. 1618 ते 1697, या काळातील घटनांची शकावली, अर्थात शकवर्षांच्या क्रमाने लिहिलेली त्रोटक टिपणे, जपून ठेवलेली होती. कारीचे दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुख यांनी ती लोकमान्य टिळकांच्या हवाली केली आणि टिळकांनी ती 1916 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तोवर शिवजन्माची तिथी म्हणून शके 1549 मधील वैशाख शुद्ध द्वितीया सामान्यतः मानली जात होती. शकावलीत मात्र शके 1551 मधील फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, अशी नोंद निघाली, जिची तारीख त्या काळच्या ज्युलियन गणनेने 19 फेब्रुवारी 1630 येते. शकावली छापील स्वरूपात सर्वांपुढे आल्यामुळे तिथी आणि वार यांचा मेळ पंचांगाच्या गणिताने कोणालाही पडताळून पाहता आला. पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांनी 1927 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी आढळली, आणि अनेक दशकांच्या वादानंतर जुनी तिथी मागे पडली. दप्तरावर मालकी जेध्यांची होती, तरी निष्कर्ष काढण्याचा अधिकार वाचणाऱ्या प्रत्येकाला मिळाला, हे या घटनेचे खरे महत्त्व आहे.

साधन खुले करणे म्हणजे ते जसेच्या तसे खुले करणे, हा आग्रह महाराष्ट्रात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी रुजवला. 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढून त्यांनी पुढे 22 खंडांपर्यंत अस्सल कागद छापले, ते वाचकाने संपादकावर विसंबून न राहता मूळ मजकूर स्वतः तपासावा यासाठी. याच्या नेमके उलट उदाहरणही पुण्यातलेच आहे. इंग्रज सरकारच्या ताब्यातील पेशवे दप्तर अभ्यासकांना दीर्घकाळ बंद होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात त्यातील निवडक कागदांचे 45 भाग निघाले, तेव्हा कोठे त्याचा मार्ग मोकळा झाला. पूर्ण साधन, निवडक साधन आणि कुलूपबंद साधन असे तीन प्रकार त्यावेळी महाराष्ट्राने पाहिले होते, आणि मोबाइलच्या क्षेत्रातही पुढे तेच तीन प्रकार दिसले.

कर्नल हा फोनच्या संगणकीय व्यवस्थेचा गाभा होय. पडदा, बॅटरी, कॅमेरा, स्मृती आणि प्रोसेसर यांना कामाला लावणारी आणि प्रत्येक ॲपला त्यांतील वाटा मोजून देणारी आज्ञावली म्हणजे कर्नल. प्रोग्रॅमर ती वाचता येईल अशा भाषेत लिहितो, त्या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. फोनमध्ये मात्र तिचे यंत्राला कळणारे, माणसाला वाचता न येणारे रूपांतर भरलेले असते. हे रूपांतर हाती असून दुरुस्ती करता येत नाही. त्यासाठी मूळ लिखाणच लागते. अँड्रॉइड फोनमध्ये जो कर्नल असतो तो लिनक्स, ज्याची सुरुवात लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 मध्ये केली आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएल या परवान्याखाली आणला. रिचर्ड स्टॉलमन यांनी घडवलेल्या या परवान्याची अट सरळ आहे: ही आज्ञावली कोणीही वापरावी, बदलावी, विकावी, परंतु तिचे तयार रूप दुसऱ्याला देणाऱ्याने त्याच्याशी जुळणारा संपूर्ण सोर्स कोडही सोबत द्यावा, किंवा मागेल त्याला तो देण्याचे किमान तीन वर्षे मुदतीचे लेखी वचन तरी द्यावे. आज्ञावली बांधण्यासाठी व बसवण्यासाठी लागणाऱ्या सूचनाही या ‘संपूर्ण’ शब्दात येतात. दाजीसाहेब जेध्यांवर असे कोणतेही बंधन नव्हते. फोन विकणाऱ्या कंपनीवर ते आहे.

हे बंधन कागदावरच राहू नये म्हणून कोणाला तरी झगडावे लागले. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी54जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे 2003 मध्ये उघडकीस आले, कंपनीला सोर्स कोड प्रसिद्ध करावा लागला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही स्वतंत्र प्रणाली उभी राहिली. जर्मनीत लिनक्सचे एक प्रोग्रॅमर हॅराल्ड वेल्टे यांनी 2004 मध्ये म्युनिकच्या न्यायालयातून सिटेकॉम कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला आणि जीपीएलच्या अटी न्यायालयात टिकतात हे सिद्ध झाले.

अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, ऑक्टोबर 2008 मध्ये विक्रीस आला आणि भारतात एचटीसी मॅजिक 2009 मध्ये आला. अँड्रॉइडची घडण समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही, कारण ही प्रणाली दोन निरनिराळ्या परवान्यांवर उभी आहे. गाभ्यातील लिनक्सला जीपीएलची सक्ती लागू होते. त्यावरच्या बहुतेक भागाला अपाची परवाना आहे, ज्यात बदल गुप्त ठेवण्याची मुभा असते. म्हणून कंपनीने स्वतःची सजावट, कॅमेऱ्याचे संस्कार, मोडेमची आज्ञावली हे सारे बंद ठेवले तरी नियमभंग होत नाही, परंतु कर्नल बंद ठेवला तर होतो. स्टीव्ह काँडिक यांनी 2009 मध्ये सुरू केलेल्या सायनोजेनमॉडसारख्या कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या प्रणालीऐवजी बसवता येणाऱ्या स्वतंत्र प्रणाली, याच एका उघड्या दरवाजातून आत शिरल्या. कंपनीने अद्ययावत आवृत्ती देणे थांबवले तरी कर्नलचा सोर्स कोड हाती असला, की हौशी प्रोग्रॅमर त्या फोनला नवी अँड्रॉइड आवृत्ती देऊ शकत. 2016 च्या अखेरीस सायनोजेनमॉड बंद पडल्यावर तेच काम लिनिएजओएस या नावाने पुढे चालू राहिले.

दरवाजा उघडा असला तरी तो केव्हा उघडायचा हे कंपन्या आपल्या सोयीने ठरवू लागल्या. फोन विक्रीस आल्यानंतर 90 ते 120 दिवसांत सोर्स कोड देऊ, अशी भूमिका एचटीसीने 2010 च्या सुमारास घेतली होती, वास्तविक परवान्यात अशा सवलतीचा उल्लेखही नाही. शाओमीने जुलै 2014 मध्ये मी 3 हा फोन भारतात आणला आणि तो हातोहात खपला, परंतु त्याच्या कर्नलचा सोर्स कोड 2015 उजाडल्यावरच मिळाला. स्वस्त फोनांची स्थिती आणखी वाईट होती. मीडियाटेकच्या चिपवर चालणारे अनेक फोन सोर्स कोड कधीच न देता विकले गेले आणि भारतातील खेडोपाडी पोचलेले फोन मुख्यतः याच वर्गातले होते. विलंब हा नियमभंगच होय, कारण ज्या फोनचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे धरले जाते त्याचा सोर्स कोड वर्षभराने देणे म्हणजे त्याच्या उपयोगाचा मोठा भाग बुडवणे.

सोर्स कोड दिला असे म्हणून अपुरा देण्याच्या तऱ्हा जवळून पाहण्याजोग्या आहेत. प्रामाणिकपणे दिलेल्या सोर्स कोडमध्ये प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला याचा इतिहास असतो. टाळाटाळ करणारी कंपनी मात्र हजारो फाइलींचा एकच गठ्ठा बांधून टाकते आणि मूळ लिनक्सपासून कोठे काय बदलले हे शोधण्याचे काम दुसऱ्यावर सोडते. कधी ‘डेफकॉन्फिग’ नावाची फाइल, म्हणजे त्या विशिष्ट फोनसाठी कर्नल कोणत्या निवडींनी बांधायचा याची यादी, गाळलेली असते. कधी वाय-फायचा ड्रायव्हर नसतो, तेव्हा बांधलेला कर्नल फोनमध्ये घातला की फोन सुरू होतो पण वाय-फाय चालत नाही. पडद्याचे वर्णन करणारा भाग जुळला नाही तर सर्व काही आतून चालू असूनही पडदा काळाच राहतो. कधी प्रत्यक्ष फोनमध्ये असलेल्या आवृत्तीपेक्षा जुना सोर्स कोड दिलेला असतो. पाने फाडलेल्या आणि तारखा खोडलेल्या दप्तराला कोणताही इतिहासकार अस्सल साधन मानणार नाही, आणि असा सोर्स कोड जीपीएलच्या कसोटीवरही उतरत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वात जिव्हाळ्याचा भाग लिपीचा आहे. सुरुवातीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत देवनागरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन उमटत. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या आतल्या सेटिंगमध्ये ‘यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा पर्याय चालू केला, की मराठी पाने अक्षरांच्या चित्रांच्या रूपाने दिसत. ती तेव्हाची सार्वत्रिक पळवाट होती. देवनागरी नीट उमटवण्याची सोय मूळ अँड्रॉइडमध्ये 2011 च्या 4.0 या आवृत्तीने आली. या कामात पुण्याचा वाटा मोलाचा आहे: पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये जीपीएलखाली खुले केले, 2011 मध्ये ते खास फॉन्टांसाठीच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले आणि अँड्रॉइडच्या सार्वजनिक सोर्स कोडमध्येही लोहितचा समावेश झाला. फॉन्ट हा कर्नलचा भाग नव्हे. परंतु साधन एकदा खुले झाले की घडवणाऱ्याने न कल्पिलेल्या ठिकाणी ते उपयोगी पडते, याचा याहून जवळचा पुरावा मराठी माणसाला मिळणार नाही.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत या प्रश्नाचे आजचे रूप शेतात दिसते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करायची असते, आणि सातबाऱ्यावरील पीकनोंद त्यावर अवलंबून असते. भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हातातला फोन आता महसुली दप्तराचे साधन बनला आहे. ॲपच्या नव्या आवृत्त्या जुन्या अँड्रॉइडला सोडून पुढे जातात, तेव्हा धडधाकट फोन केवळ प्रणाली जुनी म्हणून निकामी ठरतो, आणि तो वाचवण्याचा मार्ग कर्नलच्या सोर्स कोडवाचून मोकळा होत नाही. येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. डोंगराआड रेंज मिळत नाही ही या भागाची मोठी अडचण कर्नल बदलून सुटणारी नाही, कारण तिचा संबंध टॉवरशी आणि ज्याची आज्ञावली बंदच राहते त्या मोडेमशी आहे. शिवाय फोन सुरू होताना कंपनीचीच प्रणाली आहे ना हे तपासणारा बूटलोडर कुलूपबंद असेल, तर सोर्स कोड मिळूनही तो बसवता येत नाही. आणि कुलूप उघडले तर बँकांची अनेक ॲप त्या फोनवर चालण्यास नकार देतात. कुलपाची ही अडचण आज सोर्स कोड न मिळण्याइतकीच गंभीर आहे.

अलीकडे काही गोष्टी सुधारल्या आहेत. अँड्रॉइड 12 सह येणाऱ्या आणि 5.10 किंवा त्यापुढचा कर्नल वापरणाऱ्या फोनांसाठी गूगलने सामाईक कर्नलची पद्धत आणली, ज्यामुळे गाभा सर्व फोनांत एकच राहतो आणि कंपनीचे खास भाग वेगळे जोडले जातात. अमेरिकेत सॉफ्टवेअर फ्रीडम कंझर्व्हन्सी या संस्थेने ऑक्टोबर 2021 मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर दावा लावला, तो ग्राहक या नात्याने. सोर्स कोड मागण्याचा हक्क केवळ लेखकाला नसून उपकरण विकत घेणाऱ्यालाही आहे, अशी त्या दाव्याची मांडणी आहे.

हा हक्क बजावण्याची सोय प्रत्येक खरेदीदाराजवळ आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली कायदेशीर माहितीचा विभाग असतो, त्यात ओपन सोर्स परवान्यांची यादी दिलेली असते, आणि सोर्स कोड कोठून मिळेल याचे वचन तेथे किंवा खोक्यातील कागदांत असावयास हवे. भोरच्या बाजारपेठेत किंवा पुण्याच्या दुकानात नवा फोन घेताना किंमत आणि कॅमेरा यांच्याबरोबर त्या कंपनीने मागील फोनांचा सोर्स कोड वेळेवर आणि पूर्ण दिला होता का, हेही वाचकांनी विचारावे, आणि दिला नसेल तर तो लेखी मागावा.