पायाळू बाळाचा खुबा

पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते असं मानतात, हे शिर्डीकरांना मी सांगायला नको. पण त्या पायाळूच्या स्वतःच्या खुब्याचं काय? अशा बाळांत खुबा वाटीतून सरकलेला असण्याचा धोका जास्त.

रोंटगेननं १८९५ साली क्ष-किरण शोधले. पण नवजात बाळाच्या खुब्याचा गोळा कूर्चेचा असतो, तो फोटोत उमटत नाही. १९३७ साली इटलीच्या ऑर्तोलानींनी हातानं तपासायची रीत सांगितली. १९८० साली ऑस्ट्रियाच्या ग्राफ यांनी सोनोग्राफीनं ती कूर्चा पडद्यावर आणली.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की वेगळंच आठवतं. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला. केंद्राचा आला १९९४ साली. आणि बघा, खुब्याचा हा दोष मुलींतच जास्त. ज्या यंत्राच्या आधारे मुलगी नाकारली गेली, तेच तिला लंगडण्यापासून वाचवू शकतं.

म्हणून पायाळू बाळाची सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घ्या. वेळेत कळलं तर बहुतेकदा पट्ट्यावर भागतं. चालायला लागल्यावर कळलं, तर अनेकदा शस्त्रक्रियाच. आणि दुपट्यात पाय सरळ आवळू नका. मान धरली की कडेवर घ्या. तिथे पाय फाकलेले राहतात, ते खुब्याला बरं.