मॉरिशसच्या खापरपणजीचा माग

आम्ही नाशिकच्या रामकुंडावरचे क्षेत्रोपाध्ये. आडनाव आणि मूळ गाव सांगा, आमच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या वह्यांत, तुमच्या पूर्वजांचा मोडीतला लेख शोधता येतो. मॉरिशसहून एक ताई आल्या, त्यांना मूळ गावच ठाऊक नव्हतं. खापरपणजी एकोणिसाव्या शतकात मुंबईहून बोटीने ऊसमळ्यावर मजुरीला गेलेली, एवढंच ठाऊक. १८३४ पासून अशी माणसं जात होती, कोकणातली पुष्कळ.

मी म्हटलं, "ताई, आधी तिकडे मॉरिशसमध्येच मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जा. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांच्या, दप्तरात नाव, वय, बापाचं नाव, जिल्हा, गाव, बोट नोंदलेली असते." आमच्या जुन्या वह्यांत बाई स्वतःच्या नावाने क्वचितच सापडते, याचं मला फार वाईट वाटतं. बापाचं नाव आणि गाव मिळालं, की खापरपणजीच्या भावांचे लेख शोधायचे.