टेनिसपेक्षा जुना टेनिस एल्बो

६ ऑक्टोबर २००४ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी मालिका सुरू झाली, तेव्हा भारताच्या संघात सचिन तेंडुलकर नव्हता. त्याच्या डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत होते. ऑगस्टमध्ये नेदरलँड्समधील स्पर्धेच्या वेळी सुरू झालेले हे दुखणे दोन महिने उलटले तरी हटले नव्हते. बेंगळुरूपाठोपाठ चेन्नईचा सामनाही त्याला खेळता आला नाही. त्या काही आठवड्यांत ‘टेनिस एल्बो’ हा वैद्यकातला शब्द वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचला, आणि क्रिकेटपटूला टेनिसचा आजार कसा जडला, हा प्रश्न शाळकरी मुलांनाही पडला.

प्रश्न रास्त होता. मुळात हे दुखणे टेनिसचे नाहीच. ते त्या खेळाहून जुने आहे. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन वैद्याने कोपराच्या याच जागेवरील वेदनेचे वर्णन केले, ते लेखनिकांच्या हातदुखीच्या संदर्भात. लॉन टेनिसचे पेटंट इंग्लंडमध्ये वॉल्टर विंगफील्डने घेतले, ते त्यानंतरच्या वर्षी, १८७४ मध्ये. पुढे हा खेळ उच्चभ्रू वर्गात लोकप्रिय झाला आणि १८८० च्या दशकात ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांनी या व्याधीला त्याचे नाव दिले. लेखनिकाची व्याधी खेळाडूच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

लेखनिकांच्या हाताची नोंद त्याहूनही जुनी आहे. व्यवसायजन्य रोगांचा अभ्यास करणारा इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात त्याच्या परिचयातील एका दस्तलेखकाची हकीकत आहे. आयुष्यभर लिहून त्या गृहस्थाचा उजवा हात आधी विलक्षण थकू लागला, मग निकामी झाला. त्याने चिकाटीने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. काही काळाने डावा हातही त्याच वाटेने गेला. रामाझिनीने लेखनिकांच्या त्रासाची तीन कारणे सांगितली: सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. ही तीन कारणे लक्षात ठेवावीत. बेंगळुरूमध्ये ती पुन्हा भेटणार आहेत.

त्याआधी दुखते नेमके काय, हे पाहिले पाहिजे. आपण मूठ आवळतो तेव्हा बोटे मिटवणारे स्नायू मनगटालाही आतल्या बाजूला ओढतात. मनगट सरळ राहावे म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू त्याच वेळी उलट दिशेने ताण देतात. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर एका कंडरेने, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीने, जोडलेले असतात. त्यामुळे बॅट, पाना, लाटणे, कळशी, यांपैकी काहीही घट्ट पकडले की पकड पंजात असते आणि ओढ कोपरावर बसते.

ही ओढ किती असते, याचा अंदाज साध्या तरफेच्या गणिताने येतो. पंजाचे वजन सुमारे ४०० ग्रॅम धरू. त्याचा गुरुत्वमध्य मनगटापासून सहा-सात सेंटिमीटरवर असतो, तर मनगट उचलून धरणाऱ्या स्नायूंची ओढ मनगटाच्या मध्यापासून जेमतेम दीड सेंटिमीटरवर काम करते. म्हणजे आधाराशिवाय पंजा नुसता आडवा धरायचा तरी त्या स्नायूंना पंजाच्या वजनाच्या चार ते पाच पट ओढ द्यावी लागते. संगणकाच्या माउसवर मनगट अधांतरी ठेवून बसणाऱ्याच्या हातात हे ओझे दिवसभर असते. ते फार मोठे नाही. पण त्याला विश्रांती नाही.

या दुखण्याकडे बराच काळ दाह म्हणून पाहिले गेले. त्याच्या वैद्यकीय नावातही दाहाचाच निर्देश आहे. मात्र अमेरिकन शल्यचिकित्सक रॉबर्ट नर्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दाहाच्या पेशी जवळजवळ आढळल्या नाहीत. तेथे विस्कटलेले कोलॅजनचे तंतू होते आणि दुरुस्तीचा अर्धवट राहिलेला प्रयत्न होता. १९७९ मधील आणि नंतर १९९९ मधील त्यांच्या लेखांनी ही दृष्टी रुजवली. कंडरेची झीज आणि दुरुस्ती रोज चालू असते. झीज दुरुस्तीपेक्षा वेगवान झाली की दुखणे सुरू होते, आणि कंडरेची दुरुस्ती स्नायूच्या तुलनेत फार संथ असते.

उपचाराचा इतिहास येथेच कलाटणी घेतो. दाह असेल तर दाहशामक औषध द्यावे, या न्यायाने कोपरात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत अनेक दशके रूढ होती. रुग्णाला आराम पडे आणि वैद्यालाही समाधान वाटे. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात नेदरलँड्समधील १८५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णांचे तीन गट होते: इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि केवळ सल्ला देऊन वाट पाहणे. सहा आठवड्यांनी यशाचे प्रमाण इंजेक्शनच्या गटात ९२ टक्के, फिजिओथेरपीत ४७ टक्के आणि वाट पाहणाऱ्यांत ३२ टक्के होते. चाचणी तेथेच थांबली असती, तर इंजेक्शनचा विजय जाहीर झाला असता. ५२ आठवड्यांनी मात्र चित्र उलटले. इंजेक्शनचा गट ६९ टक्क्यांवर घसरला, फिजिओथेरपी ९१ टक्क्यांवर आणि नुसती वाट पाहणारे ८३ टक्क्यांवर पोहोचले.

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील १६५ रुग्णांच्या चाचणीने शंकेला जागा ठेवली नाही. वर्षभराने पूर्ण बरे झालेल्या किंवा बरीच सुधारणा झालेल्या रुग्णांचे प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत ८३ टक्के, तर औषधविरहित इंजेक्शन घेतलेल्यांत ९६ टक्के होते. दुखणे उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ५४ आणि १२ टक्के होते. पटकन थांबणारी वेदना आणि बरी झालेली कंडरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

आता पुन्हा बेंगळुरू. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये या शहरात आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे आपले केंद्र उघडले. त्यानंतरच्या दोन दशकांत शहराचा कारभार कळफलकावर चालू लागला आणि लेखनिकांची एक नवी, विशाल पिढी तयार झाली. तिच्या हातदुखीचा अभ्यासही येथेच झाला. बेंगळुरूच्या संशोधकांनी ४,५०० भारतीय संगणक व्यावसायिकांची पाहणी करून २०११ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खुर्ची-टेबलापलीकडे काम करण्याची शैलीही महत्त्वाची ठरते, असे त्यांत दिसले. मुदतीच्या धास्तीने विश्रांती टाळणे आणि दुखत असतानाही काम रेटत राहणे, यांचा वेदनेशी संबंध होता. रामाझिनीचे तिसरे कारण, मनावरचा ताण, तीनशे वर्षांनी पाहणीच्या तक्त्यात उतरले होते.

यातून व्यवहारात काय घ्यावे? पहिली गोष्ट, हात गळ्यात बांधून ठेवू नये आणि दुखणे अंगावरही काढू नये. भार बेताचा करावा. माउस जवळ ठेवून कोपराखालील हाताला टेबलाचा आधार द्यावा, दर अर्ध्या तासाने हात मोकळा करावा, वस्तू उचलताना तळवा वरच्या दिशेला असावा. दुसरी गोष्ट, कंडरेला हळूहळू ताण देणे. हात टेबलावर पालथा ठेवून पंजा कडेबाहेर काढावा, दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यावे आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीएवढे वजन धरून ते सावकाश खाली आणावे. व्यायामाने दुखणे थोडे वाढले तर हरकत नाही; मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यायला हवे. तसे झाले नाही तर वजन कमी करावे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरुवात केलेली उत्तम. फरक आठवड्यांत, कधी महिन्यांत दिसतो.

प्रत्येक हातदुखी मात्र टेनिस एल्बो नसते. अंगठा आणि शेजारची दोन बोटे रात्री बधिर होत असतील तर मनगटात नस दबलेली असू शकते. मानेपासून कळ येऊन हातातील शक्ती कमी होत असेल, किंवा सूज आणि ताप असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तेव्हा तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सचिन तेंडुलकर ऑक्टोबर २००४ मध्येच नागपूरच्या कसोटीत परतला. पण दुखणेही परतले. मे २००५ मध्ये लंडन येथे त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. असा प्रसंग थोड्याच रुग्णांवर येतो. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात शस्त्रक्रियेविना ओसरते. त्यानंतर तो आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला तो पाच महिन्यांनी, २५ ऑक्टोबर रोजी, पुन्हा नागपुरातच, आणि श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा केल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीत त्याने ३५ वे कसोटी शतक झळकावून सुनील गावसकर यांचा विक्रम मागे टाकला. देशातील सर्वोत्तम उपचार हाताशी असलेल्या खेळाडूलाही कंडरेने तिचा वेळ मागितला होता. परीक्षेच्या किंवा प्रकल्पाच्या मुदतीसाठी हात रेटणाऱ्या तरुणालाही तो द्यावाच लागतो.