पीटर आर्नेट : रणभूमीवर मागे राहणारा वार्ताहर

१७ जानेवारी १९९१ च्या पहाटे बगदादवर बॉम्बहल्ले सुरू झाले, त्या वेळी शहरातील अल रशीद हॉटेलच्या एका खोलीतून तीन वार्ताहरांचे आवाज जगभर ऐकू जात होते. अमेरिकेच्या सीएनएन वाहिनीचे बर्नार्ड शॉ, जॉन हॉलिमन आणि पीटर आर्नेट हे ते तिघे. त्या रात्री थेट दृश्ये पोहोचत नव्हती. पडद्यावर नकाशे व वार्ताहरांची छायाचित्रे दाखवली जात होती. दूरचित्रवाणीच्या इतिहासातील हे गाजलेले प्रक्षेपण प्रत्यक्षात श्राव्यच होते, असे म्हणता येईल. इतर वाहिन्यांचे दूरध्वनी बंद पडले. सीएनएनने मात्र स्थानिक टेलिफोन केंद्रावर विसंबून नसलेली स्वतंत्र तार आधीच मिळवून ठेवली होती. दूरदर्शनखेरीज अन्य पर्याय नसलेल्या भारतातही याच युद्धाच्या काळात डिश अँटेना व केबलच्या प्रसाराला वेग आला.

शॉ आणि हॉलिमन लवकरच बगदादमधून बाहेर पडले. आर्नेट मात्र तेथेच राहिले.

मागे राहण्याचा हा त्यांचा पहिला प्रसंग नव्हता. १३ नोव्हेंबर १९३४ रोजी न्यूझीलंडमधील रिव्हरटन या किनारी गावात जन्मलेल्या आर्नेट यांनी स्थानिक वृत्तपत्रातून कारकीर्द सुरू केली आणि पुढे आग्नेय आशिया गाठला. १९६० मध्ये लाओसमध्ये लष्करी उठाव होऊन दळणवळण तुटले, तेव्हा बातमी पाठवण्यासाठी ते मेकाँग नदी पोहून थायलंडच्या तीरावर गेले. १९६२ मध्ये असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने त्यांना सैगॉनला पाठवले. तेथील कार्यालयातील माल्कम ब्राऊन, छायाचित्रकार होर्स्ट फास आणि आर्नेट यांना १९६४, १९६५ व १९६६ अशी सलग तीन वर्षे पुलित्झर पुरस्कार मिळाले. सैनिकांसोबत चिखल तुडवून लिहिलेले आर्नेट यांचे वृत्तान्त अधिकृत पत्रकांशी जुळत नसत आणि ते अमेरिकी सरकारला रुचत नसत.

एप्रिल १९७५ मध्ये सैगॉन पडले, तेव्हा जॉर्ज एस्पर व मॅट फ्रांजोला यांच्यासह ते शहरातच थांबले. कार्यालयातील कागदपत्रे नष्ट करण्याचा आदेश आला होता. तो न पाळता आर्नेट यांनी ती न्यूयॉर्कमधील आपल्या घरी रवाना केली. आज ती एपीच्या संग्रहात आहेत.

१९८१ मध्ये ते सीएनएनमध्ये दाखल झाले आणि वृत्तसंस्थेचा हा लेखणीबहाद्दर दूरचित्रवाणीचा चेहरा बनला. बगदादमध्ये त्यांच्या वार्तांकनावर इराकी नियंत्रकांची देखरेख असे. वाहिनी ही बाब प्रेक्षकांना सांगतही असे. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेला एक कारखाना बालकांसाठी दुधाची भुकटी बनवणारा होता, असे त्यांनी आपल्या पाहणीवरून सांगितले. तेथे जैविक अस्त्रे तयार होत असल्याचा अमेरिकेचा दावा होता. शत्रूच्या प्रचाराला साथ दिल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. सिनेटर अ‍ॅलन सिम्पसन यांनी त्यांना शत्रूचा सहानुभूतीदार म्हटले आणि नंतर माफी मागितली. युद्ध सुरू असतानाच आर्नेट यांनी सद्दाम हुसेन यांची मुलाखत घेतली. १९९७ मध्ये त्यांनी अफगाणिस्तानात ओसामा बिन लादेनचीही मुलाखत घेतली.

उतरती कळा मात्र बॉम्बमुळे लागली नाही. लाओसमध्ये १९७० साली अमेरिकी सैन्याने सरीन वायू वापरल्याचा दावा करणारे वृत्त सीएनएनला १९९८ मध्ये मागे घ्यावे लागले. ते आर्नेट यांनी सादर केले होते; पुढच्या वर्षी त्यांनी वाहिनी सोडली. मार्च २००३ मध्ये ते पुन्हा बगदादमध्ये होते, या वेळी एनबीसी आणि नॅशनल जिओग्राफिकसाठी. तेथे इराकी सरकारी दूरचित्रवाणीला मुलाखत देऊन अमेरिकेची पहिली युद्धयोजना फसल्याचे मत त्यांनी मांडले. येथे १९९१ ची ढाल उपयोगी नव्हती. त्या वेळी त्यांनी स्वतः पाहिलेले सांगितले होते. आता युद्धातील एका पक्षाच्या सरकारी माध्यमावर ते भाष्य करत होते. त्यांनी जाहीर क्षमायाचना केली, तरी नोकरी गेली. ब्रिटनच्या ‘डेली मिरर’ने त्यांना लगेच कामावर घेतले.

नंतर त्यांनी चीनमधील शांटौ विद्यापीठात पत्रकारितेचे अध्यापन केले. डिसेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.