अलाबामा विद्यापीठातील वर्णभेदनिवारण
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्याच्या शासकीय विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशासाठी झालेल्या संघर्षाचा इतिहास. टस्कलूसा येथील हे विद्यापीठ १८३१ मध्ये सुरू झाले. आरंभीच्या काळात तेथे गुलामांचे श्रम वापरले जात. विद्यार्थी म्हणून मात्र कृष्णवर्णीयांना त्याचे दार सव्वाशे वर्षे बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने १८९६ च्या प्लेसी खटल्यात ‘पृथक् परंतु समान’ सोयी वैध ठरविल्या होत्या. दक्षिणेत त्यांपैकी पृथक्ता तेवढी काटेकोरपणे पाळली गेली.

ऑथरिन लूसी आणि पॉली मायर्स यांना १९५२ मध्ये पत्राने प्रवेश मंजूर झाला. परंतु त्या कृष्णवर्णीय असल्याचे कळताच तो रद्द करण्यात आला. त्यांच्या वतीने आर्थर शोर्स, थर्गुड मार्शल आणि कॉन्स्टन्स बेकर मॉटली या विधिज्ञांनी न्यायालयात दाद मागितली. ब्राउन खटल्याच्या निर्णयाने (१९५४) सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला होता. १९५५ मध्ये न्यायाधीश होबार्ट ग्रूम्स यांनी वर्णाच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यास विद्यापीठाला मनाई केली. तरीही मायर्स यांना वैयक्तिक वर्तनाचे कारण दाखवून वगळण्यात आले आणि लूसी एकट्याच राहिल्या.

३ फेब्रुवारी १९५६ रोजी लूसी प्रथम वर्गात बसल्या. वसतिगृह व भोजनगृह यांची सोय त्यांना नाकारलेली होती. सोमवार, ६ फेब्रुवारी रोजी जमावाने त्यांच्यावर अंडी व दगड फेकले आणि त्यांना पोलिसांच्या मदतीने विद्यापीठाच्या आवाराबाहेर न्यावे लागले. त्याच दिवशी विश्वस्त मंडळाने सुरक्षिततेच्या कारणास्तव लूसी यांनाच निलंबित केले. विद्यापीठाचे जमावाशी संगनमत होते, असा आरोप त्यांच्या वकिलांनी न्यायालयात केला; तो नंतर मागे घेतला गेला. न्यायालयाने निलंबन उठविण्याचा आदेश दिला, तेव्हा विश्वस्तांनी त्याच आरोपाचा आधार घेऊन लूसी यांना कायमचे काढून टाकले आणि १९५७ मध्ये ग्रूम्स यांनी ही कारवाई ग्राह्य धरली. हुल्लडबाजीने न्यायालयीन आदेश निष्फळ करता येतो, हाच धडा दक्षिणेतील वर्णभेदवाद्यांनी यातून घेतला. पुढील सात वर्षे विद्यापीठात एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता.

११ जून १९६३ चा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. त्याचे महत्त्व मात्र या सात वर्षांच्या संदर्भातच कळते. वर्णभेद टिकविण्याचे आश्वासन देऊन निवडून आलेले राज्यपाल जॉर्ज वॉलेस हे फॉस्टर सभागृहाच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी उपमहान्यायवादी निकोलस कॅट्झनबाक यांना अडविले. व्हिव्हियन मेलोन आणि जेम्स हूड हे विद्यार्थी या वेळी मोटारीत बसून होते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी राज्याचे नॅशनल गार्ड हे दल केंद्राच्या अधिकाराखाली घेतले. त्या दलाचे सेनाधिकारी हेन्री ग्रॅहम यांनी विनंती करताच वॉलेस दुपारी बाजूस झाले आणि दोघांची नोंदणी झाली. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे घडलेल्या या विरोधात मतदारांसाठी केलेल्या नाट्याचा भाग मोठा होता. त्याच रात्री केनेडी यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले व नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा केली. तो कायदा त्यांच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये संमत झाला.

हूड यांनी काही आठवड्यांतच विद्यापीठ सोडले. पुढे तेथेच त्यांनी १९९७ मध्ये डॉक्टरेट मिळविली. मेलोन १९६५ मध्ये पदवीधर झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. सामाजिक जीवनातील अंतर मात्र सावकाश कमी झाले. परंपरेने श्वेतवर्णीय असलेल्या विद्यार्थिनी-मंडळांतील वर्णभेद २०१३ मध्येही वादाचा विषय झाला होता.

लूसी यांच्यावरील कारवाई १९८८ मध्ये रद्द झाली व १९९२ मध्ये त्यांनी तेथूनच शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये विश्वस्तांनी एका इमारतीला त्यांचे नाव देण्याचे ठरविले. परंतु कू क्लक्स क्लॅनशी संबंध असलेले माजी राज्यपाल बिब ग्रेव्ह्ज यांचे जुने नाव त्यांच्या नावाशेजारी कायम ठेवले. टीका झाल्यावर ते काढण्यात आले. इमारतीच्या नामकरण समारंभास लूसी उपस्थित होत्या; त्यानंतर काही दिवसांतच, २ मार्च २०२२ रोजी, त्यांचे निधन झाले.