वेडाचा पुरावा

आमच्या माहूरकडे वेड ह्या शब्दाची झोळी फार मोठी आहे. रेणुकेचा गड भर उन्हात अनवाणी चढणारा भक्त वेडा, नाटकापायी शेत गहाण टाकणारा वेडा आणि रात्ररात्र भिंतीशी भांडणारा शेजारीही वेडाच. चावडीवर एवढ्याने भागते. न्यायालयात भागत नाही. तेथे एखाद्याच्या गळ्यात फास पडायचा की नाही, हे ह्या एका शब्दाच्या अर्थावर ठरू शकते. तो अर्थ न्यायाधीशापुढे उलगडून सांगणे हे न्यायवैद्यक मनोविकारतज्ज्ञाचे काम.

ह्या कामाची कसोटी मूळची विलायती. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील ह्यांचे चिटणीस ड्रमंड ह्यांना गोळी घातली. तो वेडा ठरून सुटला, लोक खवळले, आणि उमरावसभेने न्यायाधीशांकडून नियम मागून घेतला. तोच १८६०च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८४ होऊन आला; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे. कायदा रोगाचे नाव विचारीत नाही. कृत्य करतेवेळी आपण काय करतो, ते गैर किंवा बेकायदा आहे, हे ह्याला कळण्याजोगे होते काय, एवढेच तो विचारतो.

मुंबईतील रामन राघवच्या खटल्यात ह्या प्रश्नाची खोली दिसली. फुटपाथवर नि झोपड्यांत निजलेल्या गरिबांचे खून केल्यावरून त्याला ऑगस्ट १९६८ मध्ये अटक झाली. हत्यार लपविल्याची जागा त्याने स्वतः दाखविली. १९६९ साली पोलिसांच्या डॉक्टरांनी त्याला जवळजवळ महिनाभर निरीक्षणाखाली ठेवून शहाणा ठरविले. बचावपक्षाचे मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, ह्याला जुनाट, संशयग्रस्त छिन्नमनस्कता आहे. आपण मारतो हे त्याला कळते, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही. न्यायालयाने फाशी सुनावली. त्याने अपीलही केले नाही.

शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमविले. ते पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास, त्याच्याशी बोलत बसले. अखेरच्या भेटीत निरोपाला हात पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही. आपण ‘कानून’चे प्रतिनिधी, ह्या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असे त्याचे म्हणणे. ज्या कायद्यापुढे तो आरोपी होता, त्याचाच तो स्वतःला दूत समजत होता! १९८७ साली त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. येरवड्यास उपचार घेत तो राहिला आणि १९९५ साली ससून रुग्णालयात वारला.

मेलेल्यांच्या आप्तांना हा न्याय अपुरा वाटला असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? तरीही ते दहा तास मला मोलाचे वाटतात. एका बेवारशी, भयंकर माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायला तीन विद्वान बसले. वेड पांघरलेला आणि खरोखर वेडा, ह्यांतला फरक दुसऱ्या कशाने कळणार?

एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकारामुळे, रद्द केली. निकालपत्रात त्याचे नावही येऊ दिले नाही. आपल्या गावात मात्र ‘वेडा’ हेच अशा माणसाचे नाव होऊन बसते. त्याचे म्हणणे ऐकायला गुन्हा घडेपर्यंत थांबावे लागू नये, एवढे तरी गावाला करता येईल.